थंडीला तीन शब्द

तळोदा,
रविवार, ता. २६ जानेवारी १९३६

तीर्थरूप अप्पांच्या चरणी अनुसयेचा दंडवत.

मी खुशाल आहे. खोकला गेला. आईनं पाठवलेले तिळाचे लाडू पोचले. निम्मे इनेसबाईंनीच संपवले. सारंगखेड्याच्या यात्रेत दोधूकाका भेटले होते. म्हणाले, "अप्पा रोज पोष्टमा जाई येस, पोरनं पत्र नही." मी हसून वेळ मारून नेली. दोन महिने पत्र नाही, त्याला कामाचं निमित्त सांगावं असं मनात होतं. काम आहेच म्हणा. थंडीत दवाखान्याचा ओटा माणसांनी भरलेला असतो.

आधी आनंदाचं सांगते. गेल्या मंगळवारी एक बाळंतीण मरणाच्या दारातून परत आली, आणि त्यात तुमच्या लेकीच्या तोंडच्या दोन शब्दांचा वाटा आहे. ते शब्द इंग्रजी नव्हते. मला इंग्रजी शिकवायला झटलेल्या तुमच्या कपाळाला हे वाचून आठी पडेल, म्हणून सगळं सांगते.

आमच्या डॉक्टरीण इनेसबाई स्पेन देशाच्या. इंग्रजी त्यांना पुस्तकापुरतं येतं. ऐकलेलं प्रत्येक वाक्य त्या मनात आधी स्पॅनिशमध्ये करून घेतात, मग उत्तर देतात. डोंगरातली माणसं पावरी बोलतात. आमची दाई रमिलाबाई तिकडचीच. ती ते अहिराणीत सांगते आणि मी इंग्रजीत करते. म्हणजे रोग्याचं दुखणं तीन घरं फिरून डॉक्टरपाशी पोचतं. पण मला त्याची भीती कधी वाटली नाही. तारमास्तरची मुलगी मी! जिथं एका शब्दात भागतं तिथं दुसरा खर्चू नये, हे तुम्ही शिकवलंत. रमिलाबाईचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं इंग्रजी तयार असे. त्याचा मला तोरा होता.

पत्र का लिहिलं नाही ते आता सांगते.

मार्गशीर्ष लागता लागता नवलसिंग नावाचा माणूस डोंगरातून पायी आला. घरी आठ दिवसांचं पोर. एवढं लहान मूल गारठ्यात बाहेर कसं काढायचं, म्हणून एकटाच औषध न्यायला आलेला. ओट्यावर चाळीसेक माणसं होती. तो काही बोलला. रमिलाबाई म्हणाली, "पोऱ्या थंडा पडी गया, म्हनस." मी बाईंना म्हणाले, "द बेबी इज कोल्ड."

बाईंना वाटलं, पोराला थंडी वाजते आहे. त्यांनी लोकरीचं पांघरूण दिलं, आईच्या अंगाशी धरून ठेवा म्हणाल्या. नवलसिंग पांघरूण छातीशी कवटाळून गेला. मी पुढच्या माणसाला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी पोर गेलं. आम्हाला चार दिवसांनी कळलं, त्याच्या गावच्या एका म्हाताऱ्याकडून.

बाईंनी मला आत बोलावलं. "त्या माणसानं नक्की काय म्हटलं होतं?" मी म्हणाले, कोल्ड. "ते तुम्ही म्हटलंत. तो काय म्हणाला?" मी म्हणाले, मुलाचं अंग थंड पडलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, "मग मी त्याच्याबरोबर गेले असते."

मग त्यांनी कागद ओढला आणि विचारलं, तुमच्यात थंडी वाजते याला काय म्हणतात? मी सांगितलं. अंग थंड पडतं त्याला? सांगितलं. नाक गळतं त्याला? सर्दी झाली. त्यांनी समोर आपले शब्द लिहिले: तिएने फ्रिओ, एस्ता फ्रिओ, रेस्फ्रिआदो. आपल्यात तीन, त्यांच्यात तीन. मधल्या इंग्रजीत मात्र तिन्हींना एकच कोल्ड. अप्पा, दोन रुंद दारं होती आणि मधली वाट मी अरुंद केली होती. मी नुसतं "अंग" एवढं जास्त बोलले असते, किंवा नवलसिंगला एक प्रश्न विचारला असता, तरी पुरलं असतं. इंग्रजीचा दोष नाही. घाई माझी होती.

बाई म्हणाल्या, दोष माझाही आहे, मीही विचारलं नाही. त्यांचा हा मोठेपणा. त्यानं माझा भार हलका झाला नाही.

त्या दिवसापासून मी वही केली. एका रकान्यात रमिलाबाईची पावरी, दुसऱ्यात आपली अहिराणी, तिसऱ्यात बाईंची स्पॅनिश. इंग्रजीला रकाना ठेवला नाही. रोज दुपारी आम्ही तिघी बसतो. दुखतं आणि ठणकतं यांना वेगळे शब्द, चक्कर वेगळी, डोळ्यांपुढची अंधारी वेगळी. गंमत अशी की स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच पुरुषाचं वेगळं, बाईचं वेगळं: तो थंड पडला तर फ्रिओ, ती पडली तर फ्रिआ. रमिलाबाईला हे एका दिवसात आलं. मला तीन दिवस लागले. दोनशेवर शब्द झाले आहेत.

मंगळवारी सकाळी नवलसिंग पुन्हा दारात उभा राहिला. त्याच्या भावाची बायको रुखमाबाई पहाटे बाळंत झाली होती. तिला झोळीत घालून आणत होते, ते अजून दोन कोस मागे होते, हा पुढे धावत आला होता. त्यानं मला ओळखलं. मी रमिलाबाईला म्हणाले, "आधी त्याला सांग, मागल्या खेपेला चूक माझी झाली. मी नीट सांगितलं नाही."

रमिलाबाईनं ते त्याला पावरीत सांगितलं. त्यानं मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा डोळे भरलेले होते. एकच वाक्य बोलला. रमिलाबाई म्हणाली, "तो म्हनस, आते नीट सांग."

मी या वेळी विचारलं. थंडी वाजते का? नाही. अंग थंड? हो, हातपाय थंड, घाम सुटलेला. रक्त? थांबत नाही. मी बाईंकडे वळले आणि म्हणाले, "एस्ता फ्रिआ." पुढचं रक्ताचंही त्यांच्याच भाषेत, मोडकंतोडकं.

त्या कधी उठल्या ते मला दिसलंही नाही. पेटी घेतली, बैलगाडी जोडायला सांगितली, आणि आम्ही चौघं उलट्या दिशेनं निघालो. टेकडीच्या पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली झोळी भेटली. बाईंनी तिथंच धुळीत गुडघे टेकले, पोट दाबून रक्त थांबवलं, सुई टोचली, मिठाचं पाणी शिरेतून दिलं. मी तिचे पाय माझ्या मांडीवर उंच धरून बसले होते. तासाभरानं त्या पायांना ऊब आली. ती माझ्या मांडीला कळली, अप्पा.

रुखमाबाई आता आमच्या खाटेवर आहे, पेज मागून घेते. मुलगी झाली आहे, रडते तेव्हा बाजारापर्यंत ऐकू जातं. काल बाईंनी माझी वही धुळ्याच्या बड्या डॉक्टरांना दाखवायला मागून घेतली आणि पहिल्या पानावर माझं, रमिलाबाईचं नाव लिहिलं. आपलं नाव लिहिलं नाही. रात्री मी दोन महिन्यांनी स्वस्थ झोपले.

तुम्ही माझी पत्रं धानोऱ्यात पारावर वाचून दाखवता हे मला ठाऊक आहे. हेही दाखवा. पण मंगळवारचंच वाचू नका. आठ दिवसांच्या पोराचंही वाचा, आणि ते वाचताना माझं नाव गाळू नका. त्या पोराचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं, म्हणून नवलसिंगचा मुलगा एवढंच म्हणा.

आईला नमस्कार.

आपली लेक आणि तळोद्याच्या दवाखान्याची दुभाषी,
अनुसया