भाड्याच्या गाडीला बोट उचलायचं नाही

पेनेशॉ, कांगारू आयलंड
४ नोव्हेंबर १९९६

चि. एल्वा हिस दादाचे आशीर्वाद, मागितले नसलेस तरी.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. मोसम सुरू झाला का म्हणून विचारतेस. झाला, बाई! दिवसातून तीनदा फेरीबोट धक्क्याला लागते आणि पोटातली माणसं आमच्या बेटावर ओतून जाते. मध आणू नका म्हणून पुरुषभर उंचीची पाटी लावली आहे, तरी बरण्या घेऊन उतरतात. बरणी काढून घेतली की रडतात. आमच्या मधमाश्यांना बाहेरचा रोग लागला तरी चालेल, पण यांना सकाळी टोस्टवर मध हवा. परवा एकीने मला विचारलं की कांगारू किती वाजता सोडतात. मी सांगितलं, माझी बायको होती तोवर ती सोडायची, आता आपले आपणच सुटतात. तिने ते वहीत लिहून घेतलं.

काल तर कहर झाला. माझ्या बसमध्ये अठरा पाहुणे होते. किनाऱ्यावर एक दांडगा नर समुद्रसिंह झोपला होता, तो मी दाखवला. तीन दिवस समुद्रात कसा राबतो, मग तीन दिवस कसा घोरतो, सगळं दहा मिनिटं समजावून सांगितलं. तर बॅलरॅटची एक मास्तरीण म्हणाली की तो समुद्रशेवाळाचा ढीग आहे. मी म्हटलं, बाईसाहेब, या वाळूत मला एकतीस वर्षं झाली. तेवढ्यात मोठी लाट आली आणि तो बेटा पंजासुद्धा न हलवता तिच्याबरोबर निघून गेला. आळशी जात!

येताना एका भाड्याच्या गाडीतल्या माणसाने मला अख्खा हात हलवून दाखवला, लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखा. अरे, समोरून बेटावरचा माणूस आला तर स्टिअरिंगच्या चाकावरचं एक बोट उचलायचं, तेही बेटावरच्यानेच. भाड्याच्या गाडीला मी आजवर बोट उचललेलं नाही आणि उचलणार नाही. आपल्या आबांचाही हाच नेम होता.

आपली फाटकी समुद्रसिंहीण अजून आली नाही. मागच्या पिल्लाला दीड वर्ष पुरं झालं, एव्हाना पिल्लू घालायला किनाऱ्यावर यायला हवी होती. शार्कने उजव्या पंजाचा लचका तोडला तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, एकदाही चुकली नाही. थोडी काळजी वाटते, बाकी ठीक.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर सांभाळायला जागा नाही.
तुझा
डेन्झिल


ॲडलेड
१९ नोव्हेंबर १९९६

ती. डेन्झिलदादास,
सा. न. साष्टांग नव्हे, साधा. गुडघे दुखतात.

तुझं पत्र वाचलं. वाचलं कसलं, भिंतीवर टांगलेल्या पाटीसारखं लांबूनच दिसलं. पूर्वी तुझ्या एका कागदावर अठ्ठावीस ओळी मावायच्या. आता मोजून नऊ! एकेक अक्षर कोंबडीएवढं. बेटावर कागद फुकट वाटतात की काय? मी गेल्या ईस्टरला चष्म्याचं बोलले होते. तेव्हा तू म्हणालास की चष्मा पुस्तकी लोकांना लागतो, तुला वाचायला समुद्र आहे. वाक्य छान होतं. चष्मा केलास का?

त्या समुद्रसिंहाबद्दल एक शंका. एवढा दांडगा नर, माणसं जवळ आलेली, आणि दहा मिनिटांत त्याने एकदाही मान वर केली नाही? जांभईसुद्धा नाही? चाळीस वर्षं मी वर्गात थापा ऐकल्या आहेत, दादा. बॅलरॅटच्या बाईंचा पत्ता असेल तर कळव. त्यांच्याशी माझं जमेल.

मार्चमध्ये तुझा बसचा परवाना नव्याने काढायचा आहे, आणि त्याला डोळे तपासून मागतात, हे तू विसरला असशील. मी विसरलेले नाही. आमच्या गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे १२ डिसेंबरची वेळ घेतली आहे. दोन दिवस ये. खोली झाडून ठेवते. तुझ्या त्या बसमध्ये अठरा जीव असतात. अडाणी असोत, मध खाणारे असोत, कुणाच्या तरी घरचे आहेत.

सोबत फळांचा केक पाठवते आहे. त्यात मध नाही. अधिकाऱ्याने हुंगून पाहिला तरी चालेल.

फाटकी येईल. जखमी बायका फार चिवट असतात.

कळावे, आणि कळून वळावेही.
एल्वा


पेनेशॉ
८ डिसेंबर १९९६

चि. एल्वाबाई मास्तरीण यांस आ.

केक उत्तम. उपदेश शिळा.

डॉक्टरांना कळव की मी येत नाही. ऐन मोसमात बस सोडून ॲडलेडला डोळे मिचकावायला यायला मी काही रिकामटेकडा नाही. आणि माझ्या डोळ्यांना धाड भरलेली नाही. हा रस्ता माझ्या पायांना पाठ आहे. कुठे खड्डा, कुठे वळण, कुठे संध्याकाळी वॉलबी आडवी येते, हे मी डोळे झाकून सांगतो.

लोकांचंच ताळतंत्र सुटलं आहे. त्या नेव्हिलने पत्रपेटी इतकी पुढे रोवली की बसला घासली आणि मोडली. उलट मलाच विचारतो, ती तिथे बावीस वर्षं आहे, तुला आजच कशी आडवी आली? चोराच्या उलट्या बोंबा मारतो आहे म्हातारा. दुकानदार ह्यूबर्ट त्याच्या वरचढ. चार माणसांत मला म्हणाला की डेन्झिल ट्रेगेन्झा हल्ली फार प्रेमळ झाला, भाड्याच्या गाड्यांनाही बोट उचलतो, परवा तर रस्त्याकडेला उभ्या केलेल्या ट्रॅक्टरलाही उचललं. सगळे फिदीफिदी हसले. ऊन डोळ्यांवर होतं, एवढंच. मी त्याच्याकडचं पीठ घेणं बंद केलं आहे. जोवर दुसरं दुकान निघत नाही तोवर पावही बंद.

बाकी पाहुणे नेहमीप्रमाणे अक्कल धक्क्यावर ठेवून येतात. कोआला बघून लहान पोरासारखे बोबडं बोलतात. मी स्पष्ट सांगतो की ही जनावरं बाहेरून आणलेली आहेत, तुमच्यासारखीच, आणि झाडं बोडकी करतात. एका गृहस्थाला राग आला. यायलाच हवा होता.

फाटकी नाही आली, एल्वा. मी रोज बघतो. किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. दुसऱ्या माद्या आल्या, पिल्लं झाली, ती नाही. परवापासून लोकांना तिची गोष्ट सांगताना शेवटी सांगतो की ती समुद्रातच राहिली. तुला म्हणून सांगतो, त्यानंतर मी हॅट काढतो आणि बसपर्यंत ती हातातच धरून चालतो. त्यांना वाटतं धंद्याची युक्ती आहे.

कळावे. पुढच्या पत्रात डॉक्टर नको, केक चालेल.
डेन्झिल


ॲडलेड
२१ जानेवारी १९९७

ती. दादास,

नमस्कार शेवटी करीन. आधी ऐक.

मी बेटावर येऊन गेले. गेल्या गुरुवारी, सकाळच्या बोटीने. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू दाढी करून, ह्यूबर्टकडून गाडी मागून, धक्क्यावर आवाजावरून मला ओळखून साजरं केलं असतंस. मला ते नको होतं. मी गाडी भाड्याने घेतली. होय, मी! आबांची मुलगी! पांढरी, धुतलेली, काचेवर कंपनीचं ताटाएवढं चिकटपत्र. लाजेने मेले, पण चालवली.

डोंगरवळणाच्या अलीकडे तुझी बस समोरून आली. मी गाडी अगदी हळू केली, काच खाली केली. तू बोट उचललंस. एकतीस वर्षांचा नेम, दादा, आणि तू ताटाएवढ्या चिकटपत्राला बोट उचललंस. मग मी जीभ काढली. चांगली लांब, आठव्या वर्षी शेळ्यांच्या गोठ्यामागे काढायचे तशी. साठ वर्षांत माझी जीभ तू कधी बिनजबाबाची सोडलेली नाहीस, आईच्या अंत्यविधीतसुद्धा नाही. तू छान हसलास आणि निघून गेलास. एखाद्या परक्या बाईकडे बघून हसावं तसं. मी गाडी कडेला घेतली आणि खूप रडले.

मग तुझ्या मागोमाग किनाऱ्यावर आले. तुझ्या सतरा पाहुण्यांत अठरावी उभी राहिले. डोक्यावर हॅटसुद्धा नव्हती, लपण्याची गरजच पडली नाही. तू फाटकीची गोष्ट सांगितलीस. फार सुंदर सांगतोस, मी उगाच चेष्टा करते. शेवटी म्हणालास की यंदा ती आली नाही, समुद्रातच राहिली. आणि दादा, ती तुझ्या मागे होती. वीस पावलांवर. कुशीवर पडली होती, उजव्या पंजाचा अर्धचंद्र गेलेला, आणि पोटाशी एक काळंभोर पिल्लू चुरूचुरू दूध पीत होतं. सतरा माणसं ते बघत होती. एका म्हाताऱ्या बाईंनी सांगायला हात वर केला, तर त्यांच्या नवऱ्याने तो हळूच खाली ओढला. ज्यांच्या अकलेची तू रोज सालपटं काढतोस ना, त्यांतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. बसकडे परत जाताना एकाने तुला वाळूत आडव्या पडलेल्या दोरापाशी हात दिला. तुला वाटलं, त्यालाच आधार हवा आहे. तू त्याला म्हणालास, सांभाळून.

मी तुला तिथे हाक मारू शकले असते. त्या सगळ्यांसमोर नाही मारवली.

आता नीट वाच, कोणाकडून तरी वाचून घे. बसची किल्ली ह्यूबर्टकडे दे. पीठ घेऊ नकोस, पण किल्ली दे. आणि डॉक्टरांकडे ये. पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर परवान्याच्या कचेरीला मी स्वतः लिहीन, सख्खी बहीण म्हणून सही करीन. मग जन्मभर बोलू नकोस. त्या बसखाली कोणी सापडलं तर तू जगणार नाहीस, हे मला माहीत आहे. तू नुसता बोलायला खवट आहेस.

आता नमस्कार. आणि लोभ असो वा नसो, मी आहेच.
एल्वा


पेनेशॉ
९ फेब्रुवारी १९९७

चि. एल्वा हिस अ. आ.

भाड्याची गाडी! तुझ्या घरी आलो तेव्हा हे भांडण राहून गेलं. आबा वर असतील तर त्यांनी तोंड फिरवलं असेल. सख्ख्या भावावर पाळत ठेवायला चोरासारखी येतेस आणि वर जीभ काढतेस. वय काय तुझं?

तुझं पत्र ह्यूबर्टच्या मुलीने, रोमाने, वाचून दाखवलं. फाटकीचं आलं तिथे ती थांबली. मी म्हटलं वाच. मग तीही रडायला लागली. दुकानात चार गिऱ्हाईकं खोळंबली, ह्यूबर्ट आतून ओरडत होता. त्याच दिवशी किल्ली दिली. पीठही घेतलं.

मला माहीत होतं, एल्वा. गेल्या हिवाळ्यापासून माहीत होतं. बोट उचलायचो ते ऊन डोळ्यांवर होतं म्हणून नव्हे. समोरून येणारा आपला की परका ते दिसेना, आणि आपल्याच कुणाला बोट उचललं नाही तर लोकांना कळेल, म्हणून सरसकट उचलायचो. फाटकीबाबत मात्र मी खोटं बोललो नाही. मला खरंच वाटलं की ती गेली.

डॉक्टर तुझ्या मानाने बरा निघाला, कमी बोलला. तू शेजारीच बसली होतीस, तेव्हा काय म्हणाला ते तुला माहीत आहे. मधला भाग गेला, कडा राहिल्या. तो परत येत नाही. ज्याच्याकडे बघावं ते दिसत नाही, त्याच्या बाजूचं दिसतं. मी तुझ्या घरी दोन दिवस खिडकीशी बसून होतो, ते रागाने नव्हे. हिशेब लावत होतो.

परवा बस रोमाने चालवली. वळण घेताना ब्रेक उगाच दाबते, शिकेल. मी तिच्या शेजारी बसून तोंड चालवतो. पाहुण्यांना मीच सांगितलं, तुमच्या वाटाड्याचे डोळे गेलेत, पण अक्कल शाबूत आहे, तुमचं नेमकं उलट आहे. खो खो हसले. अडाणी खरे, पण वाईट नाहीत. किनाऱ्यावर रोमाने माझा हात धरून मला उभं केलं आणि सांगितलं की फाटकी समोर आहे. मी बघितलं तर काहीच नाही, नुसतं धुकं. मग डॉक्टरचं आठवलं. तिच्या डावीकडे एक काळा खडक आहे, त्याच्याकडे बघत राहिलो. आणि कडेला ती आली. मळकट, धूसर, पण तीच. पिल्लू तिच्या पाठीवर चढून घसरत होतं. मी त्या मेल्या खडकाकडे अर्धा तास बघत बसलो. लोकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला वेड लागलं.

आता रस्त्यात मी सगळ्यांनाच बोट उचलतो. भाड्याच्या गाड्यांनाही, आता उघडपणे. आबा गेले उडत. न जाणो, एखादीत तू असायचीस.

ईस्टरला ये. जीभ काढायची असेल तर आधी हॉर्न वाजव, म्हणजे मी तुझ्या थोडं बाजूला बघेन.

कळावे. लोभ होता तेवढाच आहे, पण आता सांगायला हरकत नाही.
तुझा
डेन्झिल