मेसर्स रोंदू, कॅम्प तीन

वांगणी
मे १९९३

प्रिय उमाताई,

बाळ रात्री झोपू देतं का? शशिकांत भावजी परवा कात्रपच्या बाजारात भेटले. पोरगी थेट तुझ्यावर गेली आहे म्हणाले, आणि रडायला लागली की थेट त्यांच्या आईवर. ते शनिवारी चिपळूणला तुझ्या माहेरी येणार आहेत, म्हणून हे पत्र त्यांच्या हाती देते. तू ऑफिसची खबर विचारली होतीस आणि ‘माझं टेबल नीट पुसतेस ना’ असंही. टेबल पुसते गं. पण त्या टेबलावर आता काय बसलंय ते सांगायला घेतलं की माझं डोकं तापतं. कागद फाडून हे तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय.

तुझ्या टेबलावर कॉम्प्युटर बसलाय. टाइपरायटर फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला आहे, बटणांच्या फुटक्या नमुन्यांच्या डब्यांशेजारी. टेकचंद सेठने कॉम्प्युटरसाठी काचेची खोली केली, तिला ए.सी. लावला आणि बाहेर पाटी लावली, ‘चप्पल उतारो’. चार वर्षं आपण दोघी एक पंखा मागत होतो, आठवतं ना? तेव्हा सेठ म्हणायचा, ‘साईं, हवा तो खिडकी से आती है’. या यंत्राला मात्र घाम येऊन चालत नाही. मी भर मे महिन्यात स्वेटर घालून बसते. आई रोज विचारते, आगं, मशीनला गरम व्हतं न तुला थंडी वाजते, ही कसली नोकरी? आण्णा मात्र गावभर सांगत फिरतात की आमची गंगू ए.सी.त बसते. कुणी विचारलं तिथे करते काय, तर म्हणतात, बसते.

पूजेच्या दिवशी सेठने मॉनिटरला हार घातला आणि पेढा मला देता देता सगळ्यांसमोर म्हणाला, अब ये आ गया, अब टाइपिस्ट का क्या काम? सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण ‘टाइपिस्ट’ म्हणजे तू, आणि तू तिथे नव्हतीस. मी कोर्स केलाय म्हणून मी ‘ऑपरेटर’. मला वाटलं, बोलून गेला असेल. सेठ काय, रोज शंभर गोष्टी बोलतो.

मग ठाण्याहून कॉम्प्युटर कंपनीचे टायवाले सर आले. म्हणाले, मॅडम, एकदा सगळ्या पार्ट्यांची नावं भरून टाका, मग नुसता नंबर दाबायचा की बिल तयार. ‘मेसर्स’सुद्धा आपोआप पडतं. एवढं सांगून ते चहा पिऊन गेले. नावं सांगायला सेठ स्वतः बसला, म्हणजे बसला कुठे, येरझारा घालत होता आणि बोलत होता. लिख, टकलू, कॅम्प दो. लिख, रोंदू, कॅम्प तीन. लिख, कल-आना, बदलापूर. मी थांबले. म्हटलं, सेठ, पूरा नाम? तर माझ्यावरच उखडला. पूरा नाम ही तो है! बीस साल से यही नाम है. तेरे कॉम्प्युटर को नहीं आता तो बोल. मी परत विचारलं. तेव्हा म्हणाला, वांगणी, तू बहुत सवाल करती है, उमा कभी पूछती थी क्या?

खरंच, तू कधी विचारत नव्हतीस. म्हणून मी गप्प लिहिलं. तुला माहीत आहे मी कशी आहे. आमच्या घरात वाचता येणारी मीच पहिली, त्यामुळे नऊ वर्षांची असल्यापासून सगळ्या आळीची पत्रं मी लिहिते. आण्णांनी तेव्हाच बजावलं होतं, सांगल तसंच लिव, तुजं शानपन त्यात घालू नको. इंदुबाई काकूने मुंबईच्या भावाला शिव्या सांगितल्या तर त्याही मी लिहिल्या आहेत, मात्रा न चुकवता. सेठने सांगितलं तसंच लिहिलं. स्पेलिंगसुद्धा त्यालाच विचारून.

आणि सोमवारी बिलं गेली. मेसर्स टकलू. मेसर्स कल-आना. मेसर्स रोंदू, कॅम्प तीन. कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर, ठळक इंग्रजी अक्षरांत.

टकलू बिल घेऊन हसत आला. टोपी काढून मला डोकं दाखवलं आणि म्हणाला, बेटी, पता तो सही है. पण रोंदूला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं की तो रोंदू आहे! दर दिवाळीला धंदा बसला म्हणून रडतो, म्हणून हे नाव, हे साऱ्या मार्केटला माहीत, फक्त त्याला नाही. खुर्चीवर बसला, कागद पुढे धरला, टेकू, मैं रोंदू? एवढंच म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. सेठ म्हणतो कसा, अरे यार, मैंने नहीं, कॉम्प्युटर ने लिखा! मी तिथेच उभी होते, स्वेटर घालून. आणि हे कमी म्हणून अंबरनाथच्या दुकानात ‘मेसर्स साला’ पोचलं. ते सेठानींच्या सख्ख्या भावाचं दुकान. सेठानी दुपारी फॅक्टरीत आल्या, चप्पल न काढता काचेच्या खोलीत शिरल्या आणि सिंधीत जे काही बोलल्या त्यातलं मला एवढंच कळलं की सेठला त्या दिवशी घरी जेवण नाही.

संताप कशाचा सांगू? बोलणी मलाच बसली. ऑपरेटर की गलती. मी म्हटलं, ठीक आहे, खरी नावं द्या, आत्ता बदलते. तर सेठ मॉनिटरवरचा हार सरळ करायला लागला. त्याला नावं येतच नाहीत, उमाताई! कुणाचं दुकान बायकोच्या नावावर, कुणाचं मुलाच्या, कुणाचं मेलेल्या काकाच्या. त्याला माणसं तोंडावरून माहीत. म्हटलं, मग फोन करून विचारते. तर माझ्या हातातून फोन काढून घेतला. बीस साल का रिश्ता है, अब नाम पूछूँ उसका? जुन्या बिलांच्या कार्बन कॉप्या काढल्या. त्यांवर खरी नावं आहेत, पण त्यातला कल-आना कोण आणि सुपारी कोण, हे कुठे लिहिलंय?

तेव्हा कळलं तू काय करत होतीस. सेठ ओरडायचा, रोंदू का बिल बना, आणि तू मान वर न करता ‘मेसर्स धनराजमल अँड सन्स’ टाइप करायचीस. मी समोर बसून रोज पाहिलं आणि मला वाटलं, तू नुसती टाइप करतेस. सेठलाही तेच वाटलं. मी नोकरीला लागले त्या दिवशी तो म्हणाला होता, ये वांगणी से आई है, नाम डाल दे. तू मला जवळ बोलावून विचारलंस आणि मस्टरवर लिहिलंस, गंगा हिरामण भोईर. तो अजून मला वांगणीच म्हणतो. पगार मात्र गंगा भोईरला मिळतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल सेठने मला बोलावलं. फार गोड बोलत होता. म्हणाला, उमा को चिट्ठी लिख, तबियत पूछ, और सब पार्टी का असली नाम मँगवा ले. मी म्हटलं, त्यांची सुट्टी पंधरा दिवसांत संपतेय, आल्या की त्याच भरतील. तर हळूच म्हणाला, नाम आ जाए, फिर दूसरी चिट्ठी लिखना, कि बच्चा छोटा है, घर पे आराम करो. लिखेगी ना? मी म्हटलं, जी सेठ, चिट्ठी लिखती हूँ. शब्द दिला तो पाळते आहे. सांगितलं तसंच लिहिते: तुझी तब्येत कशी आहे? सेठला सगळ्या पार्ट्यांची खरी नावं हवी आहेत. झालं. आता आण्णा रागावले तरी चालेल, पुढचं माझं शहाणपण आहे. एकही नाव लिहून पाठवू नकोस. भावजींच्या हाती चिठ्ठी दिलीस तर तिच्यातसुद्धा नको. सगळी डोक्यात ठेव आणि सुट्टी संपली की बाळाला घेऊन ये. काचेच्या खोलीत स्टूल नाही, खुर्ची ठेवली आहे, तुझीच. कीबोर्ड टाइपरायटरसारखाच आहे, दोन दिवसांत हात बसेल, मी शिकवते. सेठानींनी काल दोनदा विचारलं, उमा कब आ रही है. दुसरी चिठ्ठी मी लिहिणार नाही. त्याला हवी असेल तर त्याने कॉम्प्युटरला सांगावं.

तुझीच, आणि तू लिहिलंस म्हणून पूर्ण नावाची,
गंगा हिरामण भोईर