डिम्फना मावशीचा जावई

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बेरिल, तुझा गुडघा कसा आहे? नुसत्या मलमाच्या भरवशावर राहू नकोस, शेकत जा. नोएलची साखर उतरली का, की अजून तुझी पाठ वळली की चहात तीन चमचे ढकलतो? शर्लीन बाळंतपणातून नीट उठली ना, बाळ अंगावर पितंय ना? आणि तो आंधळा कुत्रा? त्याचंही कळव.

तू म्हणालीस तसं वहीत लिहीत जाईन आणि मंगळवारच्या टपालविमानानं पानं फाडून धाडीन.

पोचले बाई एकदाची टू वेल्सला. अंगावर ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाची इतकी लाल धूळ की कुत्र्यांनीसुद्धा आधी हुंगून घेतलं. सगळ्या बाया कलाकेंद्राच्या ओट्यावर वाट बघत होत्या. डिम्फना मावशीनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मोठ्यानं रडली. आईची धाकटी बहीण, म्हणजे आईच. तिच्या पोटी मुलगी नाही, तिच्या मुली म्हणजे आपण दोघीच. म्हणाली, आदिवासी पोरं हिरावून नेणाऱ्या सरकारी ट्रकनं तुम्हाला नेलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि बेरिल अजून रांगत होती. आता दात पडल्यावर आलीस, पण आलीस ना. रंगांचं कपाट सांभाळणारी पर्ली पलीकडून ओरडली की हेझल वहिनी, रडून झालं असेल तर चहा पी, निवतोय. मी हिची वहिनी कशी ते विचारलं, तर हसली. इथं जन्माच्या गटावरून प्रत्येकाशी काहीतरी नातं लागतंच. म्हटलं, वहिनी तर वहिनी.

चौथीपर्यंत शिकलेली बाई पासष्टाव्या वर्षी चौदा चित्रकारणींची मुख्य झाली. आज मी फार खूश आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कामाला हात बसतोय. सकाळी कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणायचे, त्यावर तांबडा किंवा काळा थर द्यायचा, मग ज्या त्या बाईच्या पुढ्यात ठेवायचे. चित्र झालं की बाईचा चित्रासोबत फोटो, आणि तिच्याकडून गोष्ट ऐकून ती चित्र विकताना द्यायच्या प्रमाणपत्रावर लिहायची. कुठली जमीन, कुणाचा पाणवठा, कोण चाललंय. अक्षर माझं बरं आहे म्हणून बाया खूश.

पश्चिमेच्या खिडकीपाशी एक निळी प्लास्टिकची खुर्ची असते. तिच्यावर कुणी बसत नाही. डिम्फना मावशी तर पुढच्या दारानं येतच नाही. मागच्या दारानं येते आणि खुर्चीकडे पाठ करून बसते. जावयाला टाळणारी सासू बसते तशी. वाटलं, खिडकीबाहेर तिचा कुणी लांबचा जावई काम करत असेल. सासूनं जावयाचं तोंड बघायचं नाही, ही रीत मलाही ठाऊक आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

खिडकीबाहेर कुणी नसतं. बघून आले. नुसता मोकळा रस्ता.

पर्ली खुर्चीसमोरून जाताना मान खाली घालते, तिकडे काही देत-घेत नाही. मोठ्या भावाशी बहीण वागते तसं. आणि चित्रं काढणाऱ्या दोघी बहिणी, मोना आणि ट्रिक्सी, त्या तर खुर्चीकडे बघून चावटपणा करतात. आज मोना म्हणाली की म्हाताऱ्या, दाढी कर की, आता घरात बाई आली. सगळ्या खिदळल्या. मी आत आले तर सगळ्या घाईनं रंगवायला लागल्या. मेव्हण्याच अशी थट्टा करतात.

मलाही हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

तुझं पत्र मिळालं. कुत्रा बरा आहे वाचून जीव भांड्यात पडला.

पुरुषांचे विधी सुरू झालेत. आता जानेवारी निम्मा होईपर्यंत बायांना रस्ता बंद. विमानाची धावपट्टी त्याच बाजूला, म्हणून तिकडेही जायचं नाही. टपालाची पिशवी पुरुष नेतील. बाईमाणसानं हे मोडायचं नसतं, आणि मी मोडणारही नाही. आपल्याच आजोबांची रीत आहे.

२ डिसेंबर, सोमवार

आज वहीच्या मागच्या पानावर आकृती काढली. खुर्चीत जो कुणी आहे त्याची बहीण पर्ली. मेव्हण्या मोना-ट्रिक्सी. सासू डिम्फना मावशी.

मग त्याची बायको कोण?

मावशीला मुलगी नाही. मुली म्हणजे आपण दोघी. आणि पर्ली वहिनी म्हणते ती मला.

ती आकृती मी पाचदा काढली. पाचही वेळा रेघ माझ्यापाशीच येते.

४ डिसेंबर, बुधवार

मावशीला विचारलं. ती मागच्या ओट्यावर भाकरी निखाऱ्यात भाजत होती. म्हणाली, आईनं आणि त्याच्या आईनं आपण लहान असतानाच लग्नाचा शब्द दिला होता. ट्रक आपल्याला घेऊन त्याच रस्त्यानं गेला. तो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. त्यानं दुसरी बायको केली नाही. ही इमारत शिध्याचं दुकान होती तेव्हापासून त्या खिडकीशी बसायचा. दोन हिवाळ्यांमागं वारला. बायांनी तीनदा पाला जाळून खोलीत धूर केला, पण तो निघाला नाही. गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, नाव घेतलं की माणूस मागं वळतो, म्हणून मला कुणी बोललं नाही. मला वाईट वाटू नये म्हणून मावशी पुन्हा पुन्हा म्हणत होती की माणूस वाईट नव्हता गं, फार सोशिक होता.

मला त्याची दया आली. आणि रात्री दाराला आतून कडीही घातली.

५ डिसेंबर, गुरुवार

खुर्ची मी स्वतः उचलून अंगणात टाकली.

दुपारी मावशी मागच्या दारानं आली. आणि माझ्या टेबलाकडे पाठ करून बसली.

६ डिसेंबर, शुक्रवार

मी कपाटापाशी गेले, तर पर्लीनं कपाटापाशी मान खाली घातली. मी ओट्यावर गेले, तर मावशी ओट्यावरून उठली. मला काही दिसत नाही, बेरिल. काही ऐकू येत नाही. फक्त बाया कुठं बघत नाहीत ते दिसतं. आणि ती जागा आता माझ्या उजव्या हाताला असते.

ज्या मावशीनं माझा चेहरा धरला होता, तिला आता माझ्याकडे बघता येत नाही. रडत रडत पाठ फिरवते.

७ डिसेंबर, शनिवार

मोनानं चहा आणला. दोन कप.

तिला म्हटलं, थट्टा पुरे. ती थट्टा करत नव्हती.

८ डिसेंबर, रविवार

पाला जाळला. धुरात दिवसभर बसले. डोळे सुजले. बाया दारातच थांबल्या — माझ्या उजवीकडे कुणी बघेना —

विधी मोडून रस्त्यावर जाऊ का? दोनदा फाटकाशी गेले. परत आले. आपल्याच लोकांची रीत मोडायची तर आले कशाला होते मी —

९ डिसेंबर, सोमवार. सकाळ

आज मला कुणी नावानं हाक मारली नाही. कालही नाही. परवा — आठवत नाही. नुसतं वहिनी. नुसतं मुली. प्रमाणपत्रावर माझी सही असते, पर्लीनं त्यावर कागदाची पट्टी चिकटवली. माझे फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेत. गेलेल्या माणसाचे ठेवतात तसे.

ओरडून विचारलं. पर्ली पायांकडे बघत म्हणाली की आम्ही काय करणार, आम्हाला तसं वागावंच लागतंय.

दुपार

जानेवारीत रस्ता उघडला की पहिली गाडी धरून निघते, असं मावशीला सांगितलं. तिनं पाठमोरीच पर्लीकरवी निरोप दिला. जायचं तर जा. पण शब्द दोघी बहिणींचा होता. थोरली गेली तर तो धाकटीपाशी जाईल. त्याला रस्ता माहीत आहे, जन्मभर तोच बघत होता.

म्हणून मी कुठं जात नाही. बसलेय.

१० डिसेंबर, मंगळवार

पिशवी निघायची आहे. घाईत लिहिते.

आजच्या पत्रात तू लिहिलंस, रस्ता उघडला की नोएल आणि तू न्यायला येता. येऊ नकोस. नोएललाही धाडू नकोस. माझ्यासाठी रडूही नकोस, मी तुझी थोरली आहे, हे माझंच काम —

उजवा हात जड झालाय. कुणीतरी धरल्यासारखा. घट्ट नाही. जपून —

येऊ नकोस, पण लिही. लवकर लिही, पुढच्याच मंगळवारी. आत काही नसलं तरी चालेल. पाकिटावर माझं नाव घाल, पूर्ण, मोठ्या अक्षरात. इथं कुणी घेत नाही आणि मला सकाळपासून ते — तू मला काय हाक मारायचीस गं, ते — पहिलं अक्षर तरी —