वाकड्या आळीतलं घर

कास्तेल्व्हेरे, ८ मार्च १९५३

चि. एर्मिनियास,
अ. आ. वि. वि. तुझं पत्र आणि तोरिनोची चॉकलेटं पोचली. चॉकलेटं निकांद्रोने फस्त केली, बायकोच्या वाट्याला पत्र तेवढं आलं.

इकडे जुन्या रोमन नगराचं खणकाम जोरात आहे. मेंढरांच्या वाटेखाली फरसबंद रस्ता निघाला. बाबा दर शरदात कळप घेऊन पुलियाला जायचे ते रोमन लोकांच्या राजरस्त्यावरून, आणि आपण त्याला शेणाची वाट म्हणत होतो! कामावरच्या मुख्य नेपल्सच्या, बाल्दी आडनावाच्या बाई. दुपारी आमच्याकडेच जेवतात. त्या सांगतात, भूकंपात जुनं नगर पडलं, त्यावर डोंगराचा गाळ आला, आणि परतलेल्या लोकांनी जे उभं होतं त्याच्याच आधाराने घरं बांधली. वेस सापडली, बाजार सापडला. नाट्यगृह मात्र हुलकावणी देतंय. ते नदीकाठी असणार म्हणून सगळे तिथला चिखल उपसताहेत. उन्हाळ्यापर्यंत मिळालं नाही, तर काम बंद.

म्हणजे निकांद्रोची मजुरी बंद. चेलेस्तामावशीचा मुलगा बेल्जियमला कोळशाच्या खाणीत गेला, तसा हाही जाईन म्हणतो. मी म्हटलं, जमिनीखाली जायचंच तर इथलीच जमीन काय वाईट? हसला. पण जाणार नाही, असं काही म्हणाला नाही.

आईचं कपाट रेल्वेने धाडलंय. नीट उतरवून घे.

तुझ्या एत्तोरेंना नमस्कार. माया आहेच, पत्रांत आळस नको.
तुझी ताई, दोनाता


तोरिनो, २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. कपाट सुखरूप पोचलं आणि घरात हशा पिकला. त्याची पाठ फुगीर, इथली भिंत सरळ. मध्ये टेकतं आणि दोन्हीकडे झुलतं. एत्तोरे म्हणाले, तुमचा सुतार पिऊन होता की काय? मी फणकाऱ्याने सांगितलं, आमच्या आळीत सगळ्यांचीच कपाटं अशी असतात. सुतार आधी भिंतीला वेताची काठी वाकवून लावतो, मग लाकडाला हात घालतो.

बोलता बोलताच डोक्यात आलं. ताई, घरं बांधणारे वेगवेगळे, मग मागची भिंत सगळ्यांची एकाच वाकाची कशी? मधे मळणीचं खळं, भोवती अर्धगोल आळी. रोमन नाट्यगृहाचं चित्र इथे एका पुस्तकात पाहिलं, मधे मोकळी जागा आणि भोवती अर्धगोलात बसायच्या दगडी पायऱ्या, तर मला आपलंच अंगण दिसलं. बाई नदीकाठी शोधताहेत आणि जेवताना पाठ टेकताहेत ती बहुधा त्यालाच!

चुकत असेन तर हसून सोडून दे. खरं निघालं, तर निकांद्रोभावोजींना काम राहील, पण घर जाईल, हे मला कळतं. घरात माझाही वाटा आहे; तो तुझ्या मतामागे उभा आहे असं समज.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
एर्मिनिया


कास्तेल्व्हेरे, २६ एप्रिल

चि. एर्मिनियास,
अ. आ. वि. वि. तुझं पत्र बरेच दिवस एप्रनच्या खिशात घेऊन हिंडले. बाईंच्या कानात हळूच सांगणं सोपं होतं, पण घर काही माझं एकटीचं जाणार नव्हतं. म्हणून शनिवारी भाकऱ्या भाजायला सगळ्या जमल्या तेव्हा भट्टीपाशी उघड बोलले. कल्लोळ झाला. चेलेस्तामावशी कडाडली, की नवरा कुशीत राहावा म्हणून ही भवानी आळीचं छप्पर विकायला निघाली! मी म्हटलं, हो मावशी, राहावाच. तुझा मुलगा खाणीत गेला तेव्हा अडवायला तुझ्याकडे काही नव्हतं. माझ्याकडे भिंत आहे. ती रडली. मग मीही.

शेवटी ठरलं, की आधी माझं घर पाडायचं. इतरांची फक्त मागची डुकरांची खोपटं, आणि पुढचं त्यांना विचारल्याशिवाय नाही. हे बाईंकडून कबूल करून घेतलं, मग त्यांना स्वयंपाकघरात नेलं. त्यांनी गिलावा खरवडला. आत घडीव दगड, वाकात बसवलेले. आळीभर फिरून मापं घेतली, मग माझ्या जमिनीवर फतकल मारून हसत सुटल्या.

पहिला दगड मीच काढला. निकांद्रोचा हात उचलेना.

काळजी नको, आशीर्वाद आहेतच.
दोनाता


कास्तेल्व्हेरे, २० सप्टेंबर

चि. एर्मिनियास,
अ. आ. वि. वि. आम्ही गिरणीजवळच्या खोल्यांत राहतो. चूल धुरकट आहे, पण निकांद्रो रोज जेवायला समोर असतो, आणि मिठावरून कुरकुरतो. आपल्या स्वयंपाकघराच्या जागी आता नाट्यगृहाच्या पायऱ्या आहेत. संध्याकाळी बायका तिथे शेंगा सोलत बसतात. जागा माझी म्हणून मला मधली देतात.

बाईंना खणकामाला आणखी माणसं हवी आहेत, हे आळीत कळलंय. आज इथेच आवरते. चेलेस्तामावशी दारात येऊन उभी आहे. तिला लिहिता येत नाही. म्हणते, माझ्या पोराला कागद लिही, खाण सोड आणि घरी ये म्हणावं.

तुझीच,
ताई