डबा खाली करण्याविषयी

झिरकपूर,
रविवार, ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप शैलजाताईस,

धाकट्या विजूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. गुडघा आता तितका वाकत नाही.) तुझी कंबर कशी आहे, नव्या चष्म्याने पायऱ्या दिसतात की अजून अंदाजानेच उतरतेस, हे कळव. तू भाऊबीजेला पाठवलेले अनारसे पोचले. त्यातले तीन सबंध होते, बाकीचे आम्ही चमच्याने खाल्ले, पण चव सांगलीचीच होती. इकडे थंडी पडायला लागली आहे. स्मिताने माझी कानटोपी काढून ठेवली आहे आणि मी ती घालत नाही म्हणून आमचं बोलणं सध्या बेताचंच आहे. तू म्हणशील, फोन असताना हा पत्र का लिहितोय. ताई, फोनवर तू आधी रागावतेस आणि मग ऐकतेस. पत्रात निदान सगळं वाचून होईपर्यंत रागावता येत नाही.

तर विषय आमच्या कॉम्प्युटरचा. जुन्यालाच डागडुजी करून चालवावं की सरळ नवा घ्यावा, याबद्दल मला तुझा सल्ला हवा आहे. तुला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही हे मला माहीत आहे, पण तू घरातली मोठी. आणि कळणाऱ्यांचा सल्ला घेऊन काय झालं ते पुढे येईलच. हा तोच कॉम्प्युटर, जो आम्ही पुण्यात लोहगावच्या क्वार्टरमध्ये असताना घेतला होता आणि ज्याला तू पहिल्या दिवशी हळदकुंकू वाहिलं होतंस. (तो लाल ठिपका अजून आहे.) माझ्या बदल्या झाल्या तशा त्याच्याही झाल्या. डबा पुण्याचा, आतला मुख्य बोर्ड अंबाल्याला बदललेला, पंखा जोधपूरचा, कारण तिथल्या वाळूने पहिला पंखा खाल्ला. गेल्या महिन्यापासून पडद्यावर निरोप यायला लागला, की यापुढे या यंत्राची काळजी कंपनी घेणार नाही. मला तर ते माझ्या निवृत्तीच्या पत्रासारखंच वाटलं, फक्त त्यात शाल-श्रीफळाचा उल्लेख नव्हता.

आता तो सुरू व्हायला किती वेळ लागतो ते विचारू नकोस. मी बटण दाबतो, अंघोळ करून येतो, देवपूजा करतो, आणि तेव्हा कुठे तो विचारतो की तुम्ही कोण. मधुरिमा म्हणते, बाबा, नया ले लो यार. (आपली मधू आता चोवीस वर्षांची आहे, मोहालीत नोकरी करते, मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. हे तुला नवीन नाही. तू दर वेळी फोनवर तिला दामटतेस आणि ती दर वेळी हसून फोन आईकडे देते.) स्मिताचं मत असं, की जुना नको, नवा नको, ते टेबल मोकळं करा म्हणजे तिला शिवणयंत्र मांडता येईल. आणि माझं मत, जुनाच हवा.

माझ्या हट्टाचं कारण तुला सांगितलं पाहिजे. मधू पाच-सहा वर्षांची होईपर्यंत नुसती मराठी बोलायची. तुला आठवत असेल, अंबाल्याला बदली झाली तेव्हा सामान बांधताना मी तिच्यापुढे मायक्रोफोन धरला आणि ती तुझ्याशी अकरा मिनिटं बोलली. बोलकं पत्र म्हणायचो आपण त्याला. पडलेला दात कौलावर टाकायचा होता पण क्वार्टरला कौलं नव्हती, म्हणून तो पत्र्यावर टाकला आणि तो घरंगळत परत आला, हे त्यात आहे. आणि शेवटी, आत्या, तू ये, येताना चिकू आण, पण बिया काढून आण. मग शाळा बदलली आणि दोन वर्षांत तिची मराठी गेली. ती म्हणते, मैंने कभी बोली ही नहीं. मी म्हणतो, बोलायचीस, घडाघडा बोलायचीस, पुरावा कॉम्प्युटरमध्ये आहे. हा वाद आमच्या घरी गेली दहा वर्षं चालू आहे आणि पुरावा कधीच सादर झाला नाही, कारण कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत ती ऑफिसला निघून जाते. पण तो तिथे आहे, यावर माझं सगळं चाललं होतं. घरात कुणी मराठीत उत्तर देत नसलं, तरी डब्यात एक मुलगी देत होती.

मधू मला वर्षानुवर्षं सांगत होती की त्या फायलींची दुसरी प्रत ढगात ठेवा. (हल्ली सगळं ढगात ठेवतात.) ताई, मी हवाई दलाच्या हवामान विभागात तीस वर्षं ढगांचीच नोंद ठेवली आहे. सकाळी पाहिलेला ढग दुपारी जागेवर सापडला, असं माझ्या पाहण्यात नाही. मी नकार दिला. हे वाक्य आता ती मला रोज ऐकवू शकते, पण ऐकवत नाही, हा तिचा मोठेपणा.

शेवटी जुन्यालाच सुधारायचं ठरलं आणि इंडस्ट्रियल एरियातून बलविंदरजी आले. साठीचे गृहस्थ, पांढरी दाढी, हात अतिशय हलका. डबा उघडून त्यांनी आत असं प्रेमाने पाहिलं, की मला डॉक्टरच आठवले. म्हणाले, अभी जान है इसमें. नवी वेगवान डिस्क घालतो, मेमरी वाढवतो, पाच वर्षं पळेल. तेवढ्यात स्मिताने चहा आणला आणि त्यांना म्हणाली, काका, बिस्किट लीजिए. ताई, इकडे पंजाबीत काका म्हणजे लहान बाळ. बलविंदरजी इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, भैनजी, इस उमर में काका? अठरा वर्षं उत्तरेत काढून हिला एवढं कळू नये, असं मी चारचौघात दोनदा बोललो. तिसऱ्यांदा सोसायटीच्या लिफ्टमध्ये. माझ्या हिंदीची लखनौच्या माणसाने तारीफ केलेली आहे, हेही त्या ओघात सांगितलं. हे सगळं मी आत्ता का लिहितोय, ते पुढच्या परिच्छेदात कळेल आणि मग लिहिलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटेल.

गेल्या रविवारी सकाळी मी तुझ्याशी फोनवर बोलत होतो, आठवतं? तू चिकूच्या झाडाचं सांगत होतीस, पक्षी एकही फळ शिल्लक ठेवत नाहीत म्हणून, आणि मी मध्येच कुणावर तरी ओरडलो, आणि तू म्हणालीस, काय रे झालं, आणि मी म्हणालो, काही नाही. ते काही नाही नव्हतं. मी बाल्कनीत होतो. बलविंदरजी दुसऱ्यांदा आले होते, डबा न्यायला. त्यांनी तो एकोणीस वर्षांच्या धुळीसकट जेवणाच्या टेबलावर ठेवला, तू विणलेल्या क्रोशाच्या पांढऱ्या रुमालावर, आणि जुनी डिस्क हातात घेऊन मला दारातून काहीतरी विचारलं. कानाला तू होतीस. मला फक्त शेवटचे दोन शब्द ऐकू आले, रखना है? मी रुमालाकडे पाहिलं आणि माझा जीव गेला. तुझ्याशी मराठीत बोलता बोलता तोंडून जे निघालं ते हे, की खाली, खाली, सब खाली करो, इसपे कुछ भी मत रखो. त्यांनी विचारलं, पक्का? मी म्हणालो, पक्का, एकदम खाली.

मी वळून पाहिलं तेव्हा टेबल मोकळं होतं आणि बलविंदरजी डबा घेऊन गेलेले. रुमालाला एक डाग नव्हता. मी खूश होऊन तुला चिकूला जाळी लावायचा सल्ला दिला.

गुरुवारी ते डबा घेऊन आले. बटण दाबलं आणि खुर्चीत बसायच्या आत पडदा उजळला. मी त्यांचा हात हातात घेतला. मग फायली शोधायला गेलो, तर आत काही नाही. बलविंदरजी अभिमानाने म्हणाले, सरजी, बिलकुल खाली कर दित्ता, इक वी चीज नहीं छड्डी. म्हणजे एकही गोष्ट मागे सोडली नाही. जुन्या डिस्कमध्ये माझ्या सोयीचं काही ठेवायचं का, हे ते विचारत होते आणि मी सांगितलं, सगळं रिकामं करा, यावर काहीही ठेवू नका. वर फौजी माणूस, काही गुपितं असतील, म्हणून त्यांनी ती डिस्क एकदा नव्हे, तीनदा पुसली. कुठलाही शत्रू आता त्यातून काही काढू शकणार नाही, अशी त्यांची खात्री आहे. तीस वर्षं मी सैन्यात हिंदी बोललो, ताई. आणि नेमक्या त्या घटकेला माझ्या तोंडातलं खाली सांगलीचं होतं.

बलविंदरजींना खरं काय ते कळलं तेव्हा ते बाळासारखे रडवेले झाले. (स्मिताचा काका शब्द शेवटी बरोबर ठरला.) मीच त्यांची समजूत घातली. ते गेल्यावर मात्र मी त्या लाल ठिपक्याकडे बघत बसलो आणि मला रडू आलं. फोटो गेले, माझी हवामानाची टिपणं गेली, त्याचं काही नाही. ती अकरा मिनिटं गेली. आता मधूने म्हटलं की मी कधी बोललेच नाही, तर माझ्यापाशी काय आहे?

मधू ऑफिसातून आली. तिला स्मिताने सांगितलं असावं. माझ्या खुर्चीजवळ खाली बसली (मराठी खाली) आणि म्हणाली, बाबा, नको रडू ना, मी बोलत होते ना तेव्हा, मग मी परत बोलणार. मी म्हणालो, तसं नाही गं, तुला नाही समजायचं. आणि नाक पुसत राहिलो. स्मिता स्वयंपाकघरातून झारा घेऊनच बाहेर आली. ती म्हणाली, अहो, ती काय बोलली ते ऐकलंत का? तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी मधूला पुन्हा म्हण म्हणालो तर ती लाजली, क्या यार बाबा म्हणाली आणि आत गेली. तेही कुणी टिपून ठेवलं नाही.

काल तिने मला नवा लॅपटॉप बघायला दुकानात नेलं. आता जुन्याला धरून बसायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून मीही गेलो. लॅपटॉप भाकरीएवढे पातळ होते. मी विक्रेत्याला विचारलं, यात सीडी कुठून घालायची? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्टोव्हची वात मागतोय. सीडीची खाच आता कुठल्याच यंत्राला नसते म्हणे. आमच्या डब्याला आहे, पुण्यातलीच, अजून गुरगुरत उघडते. तेवढं ऐकून मी मधूला घेऊन घरी आलो. मला सीडी कशाला हवी होती, ते तिलाही रस्त्यात सांगितलं नाही. आमचं ठरत नाही ते इथेच अडकलं आहे. तेव्हा तू सुचव. जुना की नवा?

स्मिताचा नमस्कार. कंबरेला जप, पायऱ्या बघून उतर, आणि एवढं वाचून झाल्यावर रागावायचं असेल तर आता रागाव.

तुझा,
विजू

ता. क. वरचा सल्ला नाही दिलास तरी चालेल. त्या बोलक्या पत्राची मी तेव्हाच एक सीडी करून तुला सांगलीला पाठवली होती. वर निळ्या पेनाने लिहिलं होतं, चि. मधूचं बोलणं. ती मिळाली तर डबा राहील, नाही मिळाली तर नवा घेऊ. एवढंच विचारायचं होतं.

ता. क. २ तू मंगळवारी चिकूच्या झाडाखाली उभी राहून पाठवलेला फोटो पाहिला. छान आली आहेस. माझ्या जाळीपेक्षा तुझी युक्ती बरी. पण तुझ्या डोक्यामागे दोऱ्याला बांधून ज्या पाच चकचकीत तबकड्या पक्ष्यांना घाबरवतायत, त्यातल्या डावीकडून दुसरीवर काहीतरी निळं दिसतंय. मी फोटो मोठा करून करून पाहिला. चि. पर्यंत वाचता येतं, पुढे पान आडवं येतं. ताई, मी अजिबात रागावलेलो नाही. फक्त पत्र मिळताच शेजारच्या कुणाला तरी स्टुलावर चढव. तू चढू नकोस.

ता. क. ३ सीडीची खाच बाहेरून जोडायचीही मिळते, असं मधूचं म्हणणं आहे. मी ऐकू न आल्यासारखं केलं. खालच्या ओळी तिच्या हातच्या आहेत. पत्र पाकिटात घालताना तिने ओढून घेतलं आणि सगळं वाचलं. चुका मोजायचं मी सोडून दिलं आहे. एकही दुरुस्त केलेली नाही. तू चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंस हे मला ठाऊक आहे, पण कृपा करून लाल पेन काढू नकोस.

आत्या, नमस्कार. मी मधु. बाबा बोलतात मी लहान होती तेव्हा खूप बोलायची. मला काही याद नाही. मी पंधरा डिसेंबरला तुझ्याकडे येते आहे, आठ दिवस, टिकट झाली, ऑफिसमध्ये सांगितली पण. तू मला परत शिकव. चिकू बियासकट चालेल. सीडी खराब झाली असेल तर टेन्शन नको घेऊ, मी आहे ना. पण झाडावरून तिला खाली कर. बाबांवाला खाली. बलविंदर अंकलवाला नाही.