जबाब मागे घेताना

अलेक्झांड्रिया,
१९ जून

प्रिय मिलाद,

अनेक आशीर्वाद. अक्षर माझं आहे हे पाहूनही पत्र फाडलं नसेल, तर बसून वाचा. उभ्यानं वाचण्याएवढं ते लहान नाही.

आम्ही दोघी ठीक आहोत. इरिनीच्या शाळेला सुट्टी लागली, पोरांच्या वह्या तपासून संपल्या. कैरोची मंडळी समुद्रावर आली आहेत आणि ओल्या पायांनी आमचा जिना चढतात. माझा गुडघा होता तसाच आहे. तुमच्याकडे पोर्ट सईदला हवा बरी असेल.

दहा दिवसांपूर्वी शेजारच्या सफीनाझला त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तिच्या खालच्या ओठावर पुन्हा तो जांभळा डाग उठला होता. वाटेत म्हणाली, "ओडेट, मला नजर लागली."

मी म्हटलं, "तुझ्या ओठांना? साठ वर्षांत ते मिटलेले कुणी पाहिले नाहीत. नजर लावायला वेळ कुणाला मिळाला?"

डॉक्टरीण नेवीन शांत बाई आहे. तिनं डाग पाहिला आणि विचारलं, "काकू, गोळ्या कुठल्या घेता?"

"छे गं, मी औषधाला शिवत नाही. पोट बिघडलं की ही ओडेट देते, तेवढीच."

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. मी गोळीचं नाव सांगितलं. सल्फाची साधी गोळी. चाळीस वर्षं मी ती काउंटरमागून विकली आहे. ती म्हणाली, "मग तीच. काहींच्या अंगाला सोसत नाही. गोळी पोटात गेली की काही तासांत डाग उठतो. आग होते, कधी फोड येतो, मग काळा पडून राहतो. पुन्हा घेतली की पुन्हा त्याच जागी. कुणाच्या ओठावर, कुणाच्या हातावर. पुरुषांच्या तर पुष्कळदा तिथं. बिचारे लाजेनं मरतात, घरं मोडतात. खरं तर संसर्गाशी काही संबंध नसतो."

"तिथं म्हणजे?" मी विचारलं. मला कळलं होतं.

शाळेत नन्सनी आम्हाला शरीर शिकवलं ते डोक्यापासून कमरेपर्यंत, आणि मग गुडघ्यापासून खाली. मधला भाग वर्षभर गैरहजर. पुढे फार्मसीच्या अभ्यासात सगळं शिकले, पण शब्द काही तोंडात बसला नाही. आज लिहिते. शिश्नाच्या टोकाशी. झालं. छप्पर कोसळलं नाही.

आता तुमच्याही लक्षात आलं असेल. वसंताच्या सणाला आपल्याकडे फसीख असते. त्या मुरवलेल्या खाऱ्या मासळीनं कोण कसं आजारी पडलं हे पेपर दरवर्षी छापतात. म्हणून मी, शिकलेली बाई, चमच्यांसारख्या प्रत्येकाच्या ताटाशेजारी दोन गोळ्या मांडते. आधी गोळी, मग मासा. पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात, "आई, मला काही झालेलं नाही, मग औषध कशाला?" मी म्हटलं, "होऊ नये म्हणून. तुम्ही जावई झालात, डॉक्टर नाही."

तीन सण झाले. तीनदा गोळ्या, तीनदा डाग. पहिल्यांदा तुम्ही लपवलात, दुसऱ्यांदा इरिनीनं पाहिला. यंदा ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. तिनं विचारलं, "आई, हे आणखी कशानं होऊ शकतं का?" हे नीट वाचा. ती आरोप घेऊन आली नव्हती, प्रश्न घेऊन आली होती. मी म्हटलं, "नवरा जहाजावर. बंदर बदललं की बाई बदलते. आणखी कशानं होणार?"

तुम्ही रक्ताचे अहवाल आणलेत. सगळे स्वच्छ. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "अहवाल विकत मिळतात." वाक्य चांगलं जमलं होतं. मला दोन महिने त्याचा अभिमान होता.

रागावले मी तुमच्यावरही आहे. घोड्याएवढा माणूस, तीन वर्षं मूग गिळून बसलात! रक्त जगाला दाखवलंत, डाग एका डॉक्टरला दाखवला नाहीत. पण तुमचं मौन आणि माझा जबाब, यांत मौन परवडलं.

आपल्या चर्चमध्ये लग्न मोडायचं तर व्यभिचार सिद्ध करावा लागतो, आणि तो सिद्ध करायला मीच सही करून पुढे गेले होते. काल पुन्हा गेले. आपले पाद्री अबूना मरकोस होते, शिवाय चर्चच्या मंडळाचे दोन सभासद.

"जबाब मागे घ्यायचा आहे," मी म्हटलं.

अबूना म्हणाले, "ओडेटबाई, जावयाची दया आली?"

"दया येण्यासारखं त्यांनी काही केलेलंच नाही. चूक माझी आहे."

सगळं सांगितलं, त्या शब्दासकट. एक सभासद खोकत खिडकीकडे गेला. अबूनांनी विचारलं, "लिहून द्याल?" मी कागद काढून समोर ठेवला. तो त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "एवढ्यानं भागणार नाही, मिलादला तपासावं लागेल." डॉक्टरीणही न पाहता शब्द देणार नाही म्हणते. काळा डाग अजून असेलच. सुनावणी येत्या बुधवारी आहे, त्याआधी दाखवून घ्या. खात्री करायला म्हणून ती गोळी मात्र पुन्हा घेऊ नका. तिचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवलंय. ते पाकिटात बाळगा.

शेजारणीला सांगितलं, अबूनांना सांगितलं, तुम्हाला लिहिलं. इरिनीला अजून सांगितलेलं नाही. दहा दिवस एका टेबलावर जेवतोय. ती कोशिंबीर पुढे करते, मी मीठ मागते. तिला एका उत्तराची गरज होती आणि ते माझ्या दुकानात, माझ्या फळीवर होतं. मी तिला भलतंच काही काढून दिलं.

हे पत्र मी बंद करणार नाही. आता तिच्या हातात देईन आणि ती वाचून संपवीपर्यंत समोर बसेन. पोस्टात टाकायचं की नाही, ते ती ठरवील. तुमच्यापर्यंत पोचलं असेल, तर ते तिनं पाठवलंय. उत्तर तिलाच लिहा.

तुमच्याविरुद्ध जी एकच साक्षीदार होती,
ती,
ओडेट