कड्यावरच्या हिमनदीस, एका बर्फवाल्याकडून

तीर्थरूप हिमनदीस,

तू वयाने थोर, म्हणून तीर्थरूप लिहिले. साष्टांग नमस्कार मात्र लिहीत नाही. तुझ्यावर माझा राग आहे.

आज जेवताना माझी नात ईरा म्हणाली, "आजोबा, एर इस्ट टोट." नॅशनल पार्कातील कड्यावरचा तुझा बर्फ आता हिमनद्यांत गणला जात नाही, असे तिला शाळेत सांगितले. टोट म्हणजे मेला. एवढे जर्मन मला कळते.

आठवते का आपली एकमेव भेट? चिरंजीव नितीनने मला बॉबलिंगेनहून तुझ्यापर्यंत आणले होते. सोबत त्याच्या कचेरीतले जर्मन मित्र होते. ते फोटो काढीत राहिले. मी तुझ्या खालच्या टोकाला कान लावला.

मी चौथी शिकलेला माणूस. पण बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात माझा उभा जन्म गेला. बर्फाच्या लादीवर लोखंडी आकडा ठोकला की ती भरीव की पोकळ, हे मी आवाजावरून सांगत असे. तुझ्या पोटातून तर पाणी धावत होते! मी म्हणालो, "नितीन, ही आतून सुटली आहे. फार दिवस काढणार नाही."

"बाबा, हा काय तुमच्या कारखान्यातला बर्फ आहे? हळू बोला ना, प्लीज!" मग तो मित्रांकडे वळून जर्मनमध्ये काही बोलला. सगळे हसले.

तेव्हा तू तरी माझ्या बाजूने एखादा कपचा पाडायचा होतास!

त्या दिवसापासून मी तुझे नाव काढले नाही. दर उन्हाळ्यात ईरा मोडक्या मराठीत विनवी, "आजोबा, बर्फ ऐकायला जाऊ या? बिट्टे!" मी म्हणे, "तुझ्या वडिलांना विचार. ते इंजिनीअर आहेत."

त्या पोरीचा काय दोष होता? आणि तुझा तरी काय?

आज नितीन ताटाकडे पाहत म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात." हे शब्द ऐकण्यासाठी मी इतकी वर्षे अडून बसलो होतो. ऐकले, आणि उठून हे पत्र लिहायला बसलो.

आता वचन देतो. उद्या फ्रीजमध्ये डब्यात एक लादी धरीन. ईराला ठोकायला आणि ऐकायला शिकवीन. उन्हाळ्यात तिला तुझ्या उघड्या दगडांपाशी आणीन. आणि तिथे तिला खरे तेच सांगेन: "हिमनदीच्या पोटातून धावणारे पाणी डब्यातल्या लादीत ऐकू येत नाही. ते येत होते, तेव्हा तुझे आजोबा रुसून बसले होते."

तुझा अपराधी,
दत्ताराम बर्फवाला
मुक्काम बॉबलिंगेन, जर्मनी